आई सापडत नाही

बेनी इस्गेन, ११ फेब्रुवारी २०१८

दाऊद,

सलाम. मागचं पत्र तुला पोचलं असणार, कारण ते परत आलं नाही. एवढी वर्षं मी धंदा केला, त्यातून एक शिकलो: जो माल परत येत नाही, तो कुणीतरी ठेवून घेतलेला असतो. तेव्हा उत्तराची घाई नाही. हे मी दर पत्रात लिहितो, आणि दर वेळी थापच मारतो.

आज लिहायला कारण आहे. शुक्रवारी लाल्ला बेया कबरस्तानातून परतताना माझ्याकडे आली, दारातच भिंतीला हात टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "हम्मू, आई सापडत नाही."

मी चहा ओतत होतो. म्हटलं, "अगं, आई कुठे जाणार आहे?"

"तेच तुला विचारते. तू गाइड ना? परदेशी लोकांना गावभर वाट दाखवत हिंडतोस. मग घरातलं माणूस हरवलं कसं?"

थोरली बहीण ती थोरली बहीणच. तिचे डोळे आता जवळजवळ गेलेत, पण जिभेची धार आहे तशीच आहे. मला सत्तरी गाठायला आली तरी तिच्या लेखी मी अजून नाक पुसायला विसरलेला पोरगाच.

तुला तिकडच्या कबरींची सवय लागली असेल, संगमरवरावर नावं, तारखा, फुलं. म्हणून आठवण करून देतो. आपल्याकडे कबरीवर नाव घालत नाहीत. मेल्यावर सगळे सारखे. पण सारखे असले तरी आपला माणूस कुठला हे घरच्यांना कळावं, म्हणून त्याच्या रोजच्या वापरातलं एखादं फुटकं भांडं मातीत रोवून ठेवायचं. कुणाचा वाडगा, कुणाचा दिवा. आईच्या कबरीवर तिच्या झारीची तोटी होती. तीच, तू लहानपणी फोडलेली आणि मार खायच्या भीतीने चुन्याने चिकटवलेली, वाकडी. आईने त्या वाकड्या तोटीतूनच जन्मभर पाणी ओतलं. धार पायावर न पडता शेजारी पडायची, तरी झारी बदलली नाही.

बेया हाताने चाचपत जाते आणि तोटी लागली की बसते. शुक्रवारी तोटी लागलीच नाही.

मी तिच्याबरोबर गेलो. तोटी नाही. कुणीतरी उपटून नेली आहे. आणि खरी पंचाईत पुढेच. त्या ठिकाणी शेजारीशेजारी दोन कबरी आहेत, दोन्ही आता बोडक्या. एक आईची. दुसरी कुणाची सांगू? मेन्नूबाची. आपल्या मागच्या गच्चीवरची मेन्नूबा, जिच्या बकरीने आईच्या मागावरची लोकर खाल्ली होती. त्यावरून दोघी मरेपर्यंत एकमेकींशी बोलल्या नाहीत. पण माती देणारी गडीमाणसं बायकांची भांडणं विचारत नाहीत. जागा मोकळी दिसली तिथे ठेवतात.

मी म्हटलं, "उजवीकडची आईची."

बेया म्हणाली, "डावीकडची."

"मी दर ईदला येतो."

"मी दर शुक्रवारी येते."

"मी डोळ्यांनी बघतो, लाल्ला."

"काय बघतोस? तोटी बघत होतास. जागा कधी बघितलीस?"

गेल्या सालच्या पुराने तिथले दगडही इकडचे तिकडे झालेत. आम्ही तिथे असे भांडत होतो की दोन ओळी सोडून कुराण म्हणत बसलेला म्हातारा थांबून आमच्याकडे बघायला लागला. शेवटी बेया डावीकडे बसली, मी उजवीकडे. आमच्यातला एक जण मेन्नूबासाठी दुवा मागत होता. आईला कळलं तर ती उठून बसेल.

चोर कुणी पर्यटकच असणार. आपलं कुणी असं करणार नाही. पत्ता लावतो.

हम्मू


बेनी इस्गेन, २७ फेब्रुवारी

दाऊद,

पत्ता अजून लागला नाही. पण गावभर बोभाटा करून ठेवलाय.

गेटवरच्या कचेरीत मी सगळ्या गाइडांना गोळा केलं आणि बोललो. बरंच बोललो. म्हटलं, आपण पाहुण्यांना सांगतो, सिगारेट ओढू नका, उघडे गुडघे नकोत, बायकांचे फोटो नकोत. आता हेही सांगायचं का, की आमच्या आया उचलून नेऊ नका? कबरस्तानाची भिंत गुडघ्याएवढी. पर्यटकांना भिंतीपाशीच थांबवायचं असा नियम. पण गाइड पाठ फिरवून सगळ्यांना बुरूज दाखवत असेल तर मागे कोण भिंत ओलांडतं हे बघायला त्याला पाठीवर डोळे हवेत.

सगळ्यांनी बकीरकडे बघितलं. बकीर म्हणजे आपल्या काकांचा धाकटा. तू गेलास तेव्हा तो गल्लीत नागडा पळत असेल. आता चाळिशीचा आहे आणि गावातला सगळ्यांत बोलका गाइड आहे. एकदा बोलायला लागला की शहर वसवल्यापासून सुरुवात करतो, आणि पर्यटक उन्हात उभे राहून स्वतःच इतिहासजमा होतात.

"माझ्याकडे काय बघता?" बकीर म्हणाला. "तो जर्मन असणार. जर्मन लोक दगड गोळा करतात."

"आणि इटालियन?"

"ते फक्त विचारतात, जेवण कधी आहे."

पण मला जर्मन पटला नाही. मी पुन्हा जाऊन नीट बघून आलो. पुढच्याच ओळीत एका कबरीवर निळ्या चिनी चहादाणीचं झाकण आहे, अखंड, वर सोनेरी बोंडी. त्याच्या पलीकडे हिरव्या वाडग्याचा अर्धा भाग, उन्हात चकाकणारा. पाठीवर फाटकी पिशवी घेऊन हिंडणाऱ्या पर्यटक पोराला सोड, कुणाही माणसाला मोह पडेल. दोन्ही जागच्या जागी आहेत. चोराने नेलं काय, तर खापराची काळपट, वाकडी, चुन्याने थापलेली तोटी. दुकानात फुकट दिली तरी गिऱ्हाईक म्हणेल, राहू द्या.

हा कसला चोर? मी दुकानदार माणूस. चोर मी पुष्कळ पाहिलेत. चोराला मालाची पारख असते. याला नव्हती, किंवा भलतीच होती.

असो. तुझ्या बायकोला माझा सलाम सांग. तिचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही, म्हणून लिहीत नाही.

माझं छान चाललंय. दुकानं आता मुलं बघतात. मी सकाळी गेटवर जाऊन बसतो. माणसं येतात, जातात, कानाला बरं वाटतं. परवा एका फ्रेंच बाईने विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण असतं?" मी म्हटलं, "बाई, मोजायला बसलो तर तुमची बस निघून जाईल." ती खूष झाली. तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं.

बेया अजून डावीकडेच बसते. मी उजवीकडे.

हम्मू


बेनी इस्गेन, १४ मार्च

दाऊद,

तो तू होतास.

आता हे पत्र फाडू नकोस, आधी शेवटपर्यंत वाच. फाडायला कागद कुठे पळून जात नाही.

मी बकीरला पुन्हा बसवला. चहा पाजला, खजूर पुढे केले. त्याचं तोंड रिकामं ठेवलं तर तो इतिहास सांगतो, भरलेलं असलं की प्रश्नाला उत्तर देतो. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात त्याने तुझ्या मार्सेलहून आलेला निवृत्त लोकांचा गट फिरवला होता. मी विचारलं, "त्यात कोण होतं?"

"म्हातारे."

"कसले म्हातारे?"

"म्हातारे म्हणजे म्हातारे, हम्मूदादा. त्यात काय प्रकार असतात? हं, एक जरा बरा होता. टोपी, काळा चष्मा. तोंडातून शब्द नाही. अरुंद गल्लीत समोरून बाई आली, पांढऱ्यात गुंडाळलेली, एक डोळा तेवढा उघडा. बाकीचे टकामका बघत उभे. हा मात्र मी सांगायच्या आधीच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी सगळ्यांना म्हटलं, बघा, याला म्हणतात वळण."

"मग?"

"मग चढावर दमला बिचारा. तुमच्या घरापाशी थांबला."

"माझ्या घरापाशी?"

"दाराला हात टेकून. बुटातला खडा काढत होता."

"खडा निघाला का?"

"आता खडा मी कशाला बघू? मी विहिरीची माहिती सांगत होतो."

असा आपला बकीर. हजार वर्षांपूर्वी विहीर कुणी खणली ते त्याला माहीत, समोरचा माणूस दाराला हात का टेकतो ते माहीत नाही. मी त्याला काही बोललो नाही. बोललो असतो तर रोज संध्याकाळी चौकात लिलाव भरतो, त्यात तुझ्या नावाची बोली लागली असती.

पण मला पटलं ते खड्यामुळे नाही. खरी खूण मी आधीच ऐकली होती, आणि ऐकून सोडून दिली होती.

त्या दिवशी मी गेटवर बाकावरच होतो. तुमचा गट आला. मी नेहमीसारखा उठून छातीवर हात ठेवला आणि बकीरला आपल्या भाषेत म्हटलं, "आज शेळ्या फार म्हाताऱ्या आल्यात रे, चढावर एकेकीला खांद्यावर घ्यावं लागेल." बकीर फ्रेंचमध्ये त्यांना म्हणाला, "आमचे वडीलधारे आपलं मनापासून स्वागत करतात." मग ते सगळे हसले, मान हलवली, मेर्सी मेर्सी झालं. पण दाऊद, एक जण बकीरने तोंड उघडायच्या आधी हसला होता. मागच्या बाजूला. हसून लगेच त्याने ते खोकल्यात दाबलं. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याला दमा असणार.

माझ्या कानांची गावात ख्याती आहे. पायाच्या आवाजावरून मी सांगतो कुणाच्या घरी पाहुणा आलाय. आणि अल्जियर्सच्या त्या दुकानात पोरवयात नोकरीला असताना काउंटरखाली आपण दोघं एका पोत्यावर झोपायचो, तू आईसाठी रडायला लागलास की मी गिऱ्हाइकांच्या नकला करायचो, तू हसायचास आणि मालकाला ऐकू जाऊ नये म्हणून ते हसू खोकल्यात घालायचास. तेच ते. हातभर अंतरावरून गेलास आणि मी म्हटलं, दमा.

आता मला राग आलाय आणि तो मी कुठे ठेवू ते कळत नाही. पर्यटक म्हणून आलास! स्वतःच्या गावात, तिकीट काढून, बकीरच्या मागे, त्याची ती विहिरीची गोष्ट ऐकत! मला "बाँजूर" तरी म्हणायचं होतंस.

दार तू वाजवलं नाहीस. बरं केलंस. वाजवलं असतंस तरी कुणी उघडलं नसतं. मी तुला इतकी वर्षं लिहीत आलो की घर भरलेलं आहे. मोठा ओरानला, धाकटा अल्जियर्सला, सुना-नातवंडं त्यांच्याकडे. माझी आयशा जाऊन तिसरा उन्हाळा येईल आता. ते मी तुला लिहिलं नव्हतं. घरात मी आहे आणि आयशाचा माग आहे, त्यावर अर्धी विणलेली चादर. सुना म्हणतात, अब्बा, ती गुंडाळून ठेवा. मी म्हणतो, बघू.

तुला तोटी का न्यावीशी वाटली हे मी विचारणार नाही. आई गेली तेव्हा तू यायचं म्हणत होतास. त्या आधी मशिदीतली मंडळी म्हणाली होती की परक्या बाईशी लग्न केलं, तर सगळ्यांसमोर उभं राहून माफी माग, मगच गावाशी बोल. तू म्हणालास, लग्नाची माफी मागत नसतात. मी त्यांची बाजू घेऊन काय म्हणालो ते तुला पाठ असेल, पुन्हा लिहीत नाही. ती मंडळी आता सगळी त्याच कबरस्तानात आहेत. त्यांच्या उशाशीसुद्धा फुटके वाडगेच आहेत.

पण एक गोष्ट तुझ्या डोक्यात आली नसेल. तू तोटी उचललीस तेव्हा ती कुठे रोवलेली होती, हे तू बघितलंस. बेया डावीकडची म्हणते, मी उजवीकडची. मी अल्जियर्सहून पोचेपर्यंत माती देऊन झाली होती, आणि ज्यांनी दिली ते वारले. जगात आता एकाच माणसाला माहीत आहे की आई कुठे आहे.

आणि तो माणूस पत्राला उत्तर देत नाही.

हम्मू


बेनी इस्गेन, २ एप्रिल

दाऊद,

उत्तर आलं नाही. बरं.

वारा सुटलाय, सगळीकडे वाळू. गेटवर पर्यटक नाहीत, तरी मी जातो. घरी बसून तरी काय करू? काल एक मांजर आलं होतं. त्याला स्वागत म्हटलं.

फक्त एवढंच सांग: डावी की उजवी. एका शब्दाचं पत्रही पुरे. सही नको.

हम्मू


बेनी इस्गेन, २९ एप्रिल

दाऊद,

पार्सल आलं. पत्त्यावरचं अक्षर तुझंच आहे. वर्गात मास्तर ज्यासाठी कान धरायचे तेच, उजवीकडे कलंडलेलं. आत कापूस, कापसात तोटी. चुना एका कडेने थोडा उडालाय, बाकी धड. मी खोका उलटा करून झटकला. कापूस पिंजून बघितला. कागदाचा कपटाही नाही.

तुला एका शब्दाचीही उधळपट्टी जमत नाही. धंद्यात पडला असतास तर माझ्यापेक्षा पुढे गेला असतास.

मी तोटी घेऊन बेयाकडे गेलो. ती खजुरातल्या बिया काढत बसली होती. तोटी तिच्या ओंजळीत ठेवली. तिने अंगठा चुन्यावरून फिरवला. मग म्हणाली, "पत्र?"

आता तूच सांग, मी काय करायला हवं होतं? ती तोंड वर करून बसलेली, डोळे माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी. मी खिशात हात घातला, हाताला लागला तो कागद काढला, उलगडला आणि वाचायला लागलो.

"'लाल्ला, सलाम. तुझी फार आठवण येते. इकडे थंडी आहे. मी बरा आहे, माझी बायकोही बरी आहे. माझ्याकडून चूक झाली, मला माफ कर. तुझ्या हातचा कुसकुस अजून जिभेवर आहे...'"

"पुढे?"

"'...हम्मूलाही माफ करायला सांग. तो मनाने चांगला आहे.'"

"असं लिहिलंय?"

"असंच."

"आण इकडे कागद."

मी दिला. तिने कडेवरून बोट फिरवलं. "एका कडेला फाडायच्या भोकांची रांग आहे. हे विजेचं बिल आहे, हम्मू."

मी तिच्या हातून बिल काढून घेतलं.

"आणि दाऊद जन्मात एवढी वाक्यं सलग बोलला नाही. चूक झाली असं तर तो ही झारी फोडली तेव्हाही म्हणाला नव्हता. रात्रभर बसून चिकटवली, पण म्हणाला नाही." मग, "पण मनाने चांगला आहेस हे बरं घातलंस मध्येच. संधी सोडत नाहीस."

आम्ही दोघं हसलो. तिला हसताना ठसका लागला, मी पाणी दिलं. त्या घरात बऱ्याच दिवसांनी दोन माणसांचा आवाज झाला.

मग मी म्हटलं, "चल, ठेवून येऊ."

ती म्हणाली, "कुठे?"

मी म्हणणार होतो, उजवीकडे. अडीच महिने म्हणतच होतो. तोंडापर्यंत आलं आणि थांबलं. तीही डावीकडे म्हणाली नाही. तिने तोटी मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "खरं सांगू? मला आता खात्री नाही रे. तुला?"

"मलाही नाही."

दाऊद, आम्ही दोघं भांडत होतो तोवर बरं होतं. भांडण असलं की निदान एक जण बरोबर असतो. त्या दुपारी आम्ही दोघं एकमेकांसमोर बसून होतो आणि दोघांपैकी कुणालाच आपली आई कुठे आहे ते माहीत नव्हतं. बाहेर कुणाचं तरी गाढव रेकत होतं. बेया एकेक बी काढून वाटीत टाकत होती.

मी म्हटलं, "एकीवर ठेवून टाकू. कुणाला काय कळतंय?"

"आईला."

"मग?"

"परत पाठव."

"काय?"

"ज्याने उचलली त्यानेच ठेवायची. पोस्टाने जागा पाठवता येत नाही. त्याला म्हणावं, आण."

"आणि नाही आला तर?"

"तर मी एक शुक्रवार हिच्याकडे बसेन, एक शुक्रवार तिच्याकडे. मेन्नूबाच्या मुली दोघी आधीच गेल्या, तिच्याकडे तरी कोण येतं? अडीच महिन्यांत माझ्या तोंडून तिला थोड्या दुवा मिळाल्या असतील तर मिळू देत. बकरीचा हिशोब त्यांनी वर जाऊन केव्हाच मिटवला असेल."

मला वाटलं, ही फार मोठ्या मनाने बोलते आहे. तेवढ्यात म्हणाली, "आणि आईने विचारलं तर सांगेन, हे तुझ्या धाकट्याचं काम, मला बोलू नकोस."

दोन-तीन दिवस विचार करतो. मला तोटी हातातून सोडवत नाही. घरात असली की बरं वाटतं. सध्या मी ती आयशाच्या मागावर ठेवली आहे.

हम्मू


बेनी इस्गेन, ६ मे

दाऊद,

या पत्राबरोबर तोटी आहे. हळू उघड. आयशाच्या टोपलीतल्या लोकरीत गुंडाळली आहे. लोकर तुलाच राहू दे, तुझ्या बायकोला काही विणता येत असेल तर.

बेयाचं खरं होतं. मी तीन रात्री ती घरात ठेवून बघितली. पहिल्या रात्री वाटलं, आई घरी आली. तिसऱ्या सकाळी वाटलं, आता मी आणि तू एकाच माळेचे मणी. दोघांनी मिळून आईला बिनखुणेची करून ठेवली. तू तिकडे उशाशी घेऊन बसला असशील, मी इकडे.

पोस्टातल्या माणसाने विचारलं, "आत काय?" मी म्हटलं, "खापर." म्हणाला, "किंमत?" मी म्हटलं, "लिही, काही नाही." त्याने माझ्याकडे बघितलं, मी खोका त्याच्या हातात देताना दोन्ही हातांनी देत होतो, म्हणून. मग स्वतःच म्हणाला, "काका, मी त्यावर 'नाजूक' लिहितो."

आता उन्हाळा लागलाच. गाव रिकामं होईल, सगळे खाली खजुराच्या बागांतल्या घरांत राहायला जातील. बेयाला मी माझ्याकडेच बागेत नेणार आहे. ती म्हणते येणार नाही, म्हणजे येईल. पर्यटक ऑक्टोबरात सुरू होतात. तू ऑक्टोबरात ये. एकटा ये, बायकोला घेऊन ये, मार्सेलच्या सगळ्या म्हाताऱ्यांना घेऊन ये.

गेटवर विचारतात, कुठले. तेही अजून मीच विचारतो. तू मार्सेलचा म्हणालास तर मी तुला मार्सेलचा धरीन, शब्द देतो. गाइडशिवाय परक्याने आत फिरायचं नाही, तेव्हा गाइड म्हणून मी बरोबर येईन. बकीरला त्या दिवशी कुठेतरी लांब पाठवीन. तुला बुरूज दाखवीन, विहीर दाखवीन, पाठ केलेलं सगळं म्हणेन, आणि ओळख दाखवणार नाही. कबरस्तानाच्या भिंतीपाशी मी पाठ करून उभा राहीन. तू आत जा, तोटी जिथली तिथे रोव. बेया तिथे बसलेली असेल. तिच्याशी बोललास तर तुझी मर्जी, नाही बोललास तरी ती तुला ओळखेलच, तेवढं माझ्या हातात नाही. मग सूर्य बुडायच्या आत मी तुला गेटबाहेर सोडीन. परक्याला रात्री आत राहता येत नाही. नियम जुना आहे आणि मी तो कुणासाठी मोडलेला नाही.

पण विचारल्यावर तू जर आपल्या वडिलांचं नाव सांगितलंस, तर तो नियम तुला लागत नाही.

वरच्या खोलीत मी अंथरूण घालून ठेवलंय. ऑक्टोबर लांब आहे, मला कळतं. इतक्या आधी कुणी अंथरूण घालत नाही. वाळू येते, चादरीवर बसते. मी रोज सकाळी झटकतो आणि मग गेटवर जातो.

हम्मू